इगतपुरीला पाणी 98 अंशांना उकळते

समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरच्या इगतपुरीत हवेचा दाब कमी असल्याने पाणी 100 नव्हे, सुमारे 98 अंश सेल्सिअसला उकळते. चहाला त्याने फरक पडत नाही. उष्णता मोजायची झाली, की हेच दोन अंश महागात पडतात.

कुठून कुठे किती उष्णता गेली, हे ठरते दोन तापमानांतल्या फरकावरून. समजा, एक थर्मामीटर मुंबईत आणि दुसरा इगतपुरीत कॅलिब्रेट केला, आणि दोन्हीकडे उकळते पाणी 100 अंशांचे धरले. मग खऱ्या 50 अंशांना दुसरा 51 दाखवतो. हे दोघे एखाद्या नळीच्या दोन टोकांना लावले आणि टोकांतला खरा फरक 5 अंशांचाच असेल, तर उत्तरात 20 टक्के चूक शिरते. अहवालात ती ‘50 मध्ये 1, म्हणजे 2 टक्के’ अशी लिहिणे ही नुसती हयगय नव्हे. पुढचा अभियंता त्याच आकड्यावर यंत्र बेततो. उपाय सोपा आहे. दोन्ही थर्मामीटर ढवळत्या पाण्याच्या एकाच भांड्यात बुडवायचे आणि त्यांच्यातली तफावत आधीच टिपून ठेवायची.

पावसाळ्यात भर पडते ती ओलीची. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेते, त्यामुळे भिजलेल्या उष्णतारोधक ग्लासवुलवर घेतलेली मापे कोरड्याला लावता येत नाहीत.

खरी मोठी प्रयोगशाळा म्हणजे इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरणारा, 1865 पासून चालू असलेला रेल्वेचा थळ घाट. त्याचा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका तीव्र आहे. कसाऱ्यापर्यंत सुमारे 300 मीटर उतरताना गाडीच्या दर टनामागे जवळपास 29 लाख ज्यूल ऊर्जा सुटते. साडेनऊ लिटर पाणी 25 अंशांवरून इगतपुरीच्या उकळीपर्यंत न्यायला ती पुरते. काही ऊर्जा हवेच्या व रुळांच्या विरोधात जाते, रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे काही तारेत परतते, उरलेली ब्रेक ब्लॉक आणि चाके तापवते. या उतारावर टनामागे 35 लाख ज्यूल उष्णता मोजली गेली, तर मोजणीच चुकली, हे प्रयोग पुन्हा न करताही कळते.

उलटी चूक मात्र लपून राहते. थर्मोकपल घासणाऱ्या पृष्ठभागापासून चार-पाच मिलिमीटर आत बसवले, की ते कमी तापमान दाखवते, आणि ही खोली अहवालात नसेल तर वाचणारा तेच पृष्ठभागाचे तापमान समजतो. त्या भरवशावर निवडलेला ब्लॉक लांब उतारावर जास्त तापतो, त्याची पकड ढिली होते, आणि चाकाच्या धावेवर बारीक तडे जाऊ लागतात.