शटर फुटल्यानंतरची दुसरी रात्र

पहाटे दुकान उघडावयास आलेल्या मालकाला शटर एका बाजूने उचकटलेले दिसते. आत गल्ला उपडा पडलेला असतो आणि वजनकाटा नाहीसा झालेला असतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील छोट्या दुकानदारांना हा प्रसंग अपरिचित नाही. वृत्तपत्रात त्याची दखल घेतली गेलीच, तर ती चार ओळींत आटोपते. चोरीस गेलेली रक्कमही पुष्कळदा फार मोठी नसते. तथापि शटरची दुरुस्ती, पंचनाम्यासाठी बंद राहिलेले दुकान, दुसरीकडे वळलेली गिऱ्हाइके आणि पुन्हा चोरी होईल ही धास्ती या सर्वांचा हिशेब मांडला, तर चोराने नेले त्याहून अधिक नुकसान चोरीनंतर होते. मोठ्या पेढीस ते सोसवते. एका गाळ्यावर संसार चालविणाऱ्यास सोसवत नाही. अशा वेळी शहराने त्याच्यासाठी काय करावे, याचा विचार व्हावयास हवा.

जागे रस्ते निजले

एके काळी या वस्तीची राखण वस्तीच करीत असे. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, पाळी बदलली की परळ-लालबागचे रस्ते मध्यरात्रीही माणसांनी भरून जात. चाळीतील खोल्या अपुऱ्या पडत, म्हणून अनेकजण ओट्यावर वा पदपथावर झोपत. दुकानातला नोकर पोटमाळ्यावर पथारी टाकी. हा पहारा कोणी नेमलेला नव्हता, पण तो होता. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. मनोऱ्याच्या रखवालदाराचे काम फाटकापाशी संपते. समोरच्या किराणा दुकानाकडे लक्ष ठेवणे त्याच्याकडे नाही. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 मध्ये असे प्रतिपादन केले होते की, रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः त्यावर सहजगत्या नजर ठेवणाऱ्या माणसांमुळे. गिरणगावाने ही नजर गमावली आहे.

तिची भरपाई काही अंशी शहराला करता येईल. रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार पालिकेचे आवश्यक कर्तव्य होय. शहर भागात ते काम ‘बेस्ट’ पाहते. 2016 पासून मुंबईत हजारो सीसीटीव्ही कॅमेरे कार्यान्वित झाले. परंतु कॅमेऱ्याचा उपयोग बहुधा चोरी झाल्यावर होतो, दिव्याचा त्याआधी. दुकानांच्या मागील बोळात बंद पडलेला एक दिवा वेळेवर लावला गेला, तरी मोठे काम होईल. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली आहे. गल्लीत एखादे औषधांचे वा दुधाचे दुकान रात्री उघडे राहिले, तर शेजारच्या दहा शटरांना त्याचा आधार मिळेल.

एकदा फुटले ते पुन्हा फुटते

इंग्लंडमध्ये रॉचडेल गावातील कर्कहोल्ट या वसाहतीत 1980 नंतरच्या दशकात घरफोड्यांचा अभ्यास झाला. एकदा फुटलेले घर लवकरच पुन्हा फुटण्याचा संभव अधिक असतो, असे त्यात आढळले. म्हणून सर्वत्र पहारा वाढविण्याऐवजी नुकत्याच फुटलेल्या घरांची कुलपे बळकट केली गेली, शेजाऱ्यांना लक्ष ठेवण्याची विनंती करण्यात आली. घरफोड्या लक्षणीय प्रमाणात घटल्या. दुकानांनाही हे तत्त्व लागू करता येईल. चोरास आतली मांडणी ठाऊक झालेली असते आणि शटर अजून कच्चे असते. तेव्हा दुसरी रात्र पहिलीहून धोक्याची असते. फिर्याद नोंदली जाताच पालिकेच्या विभाग कार्यालयास कळावे, त्याच दिवशी दिव्यांची पाहणी व्हावी आणि काही आठवडे पोलिसांची गस्त त्या गल्लीतून जावी. यासाठी नवा कायदा लागत नाही; पोलीस ठाणे व विभाग कार्यालय यांच्यात एका निरोपाची व्यवस्था लागते.

जुन्या पागडीच्या गाळ्यांत आणखी एक अडचण असते. जाळी किंवा मजबूत दार बसविले, तर मालक खटला भरील, या भीतीने भाडेकरू हात आखडतो. वस्तुतः 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातील कलम 16 च्या स्पष्टीकरणानुसार, आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेऊन बसविलेले दार वा जाळीकाम कायमचे बांधकाम ठरत नाही. ही गोष्ट विभाग कार्यालयाने एका पत्रकाद्वारे दुकानदारांस सांगावी. तसेच फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळणे हा फिर्यादीचा हक्क आहे. विम्याच्या दाव्यासाठी ती लागते. चोरीचा माल सापडला, तर तो पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे पडून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच बजावले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मुद्देमालाच्या विल्हेवाटीसाठी मुदतीही घातल्या आहेत. त्या पाळल्या जातात की नाही, याकडे व्यापारी संघांनी लक्ष ठेवावे.

राहता राहिला पहारा. काठी आपटीत फिरणाऱ्या गुरख्याला प्रत्येक दुकानदार महिन्याला काही रक्कम देई. त्या गुरख्याच्या नोकरीस मात्र कसलेच संरक्षण नसे. महाराष्ट्रात 1981 चा खासगी सुरक्षा रक्षक कायदा आहे, सुरक्षा रक्षकांची मंडळेही आहेत. एका गल्लीतील वीस-पंचवीस दुकानदारांस मिळून मंडळाकडून एक रक्षक घेता येईल, अशी सोय शासनाने सुलभ केली तर दुकानदार व रक्षक या दोघांचेही हित साधेल.

खासगी दुकानासाठी सार्वजनिक यंत्रणेने का झिजावे, असा आक्षेप निघेल. पण रात्री दहापर्यंत दिवा लावून बसणारा हा दुकानदारच आज त्या गल्लीचा उरलेला पहारेकरी आहे. घाबरून त्याने सातलाच दुकान बंद केले किंवा गाळा विकला, तर शिकवणीहून परतणाऱ्या विद्यार्थिनीची वाट अंधारी होईल. चोर सापडेल तेव्हा सापडो. दुसऱ्या रात्री दुकानदाराला निर्धास्तपणे घरी झोपता यावे, एवढे तरी शहराने त्याच्यासाठी केले पाहिजे.