नळाची धार बारीक का होते? मोटर बसवण्यापूर्वी तोटीची जाळी तपासणे हिताचे

नवी दिल्ली : दिल्ली आणि भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या शहरांतील सदनिकांमध्ये स्वयंपाकघरातल्या नळाला करंगळीएवढी धार येणे ही नेहमीची तक्रार आहे. त्यावर अनेक घरांत सुचणारा पहिला उपाय म्हणजे मोटर. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा तोटीच्या टोकाशी बसवलेल्या लहानशा जाळीत असतो. तो तिथे नसून सार्वजनिक जलवाहिनीत असेल, तर त्या वाहिनीला थेट जोडलेली मोटर धार वाढवताना सांडपाणीही घरात ओढून आणू शकते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी पाणी नेमके कुठे अडते आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

तपासणी नळापासून सुरू करून टाकीकडे मागे मागे जावे. सिंकचा एकच नळ मंद आणि न्हाणीघरातील नळ मात्र ठीक असतील, तर टाकी व मुख्य पाइप यांना दोष देण्याचे कारण नाही. अडथळा तोटी, तिच्या आतील कार्ट्रिज, ओट्याखालची लवचिक नळी किंवा भिंतीतील अँगल कॉक यांपैकी कुठेतरी आहे. फक्त गरम पाणी मंद येत असेल, तर गीझरकडे जाणारा मार्ग पाहावा. तेथील एकदिशा झडपेत क्षार अडकतात. घरातील सर्वच नळ मंद असतील तर गच्चीवरील टाकी, तिची झडप किंवा पाइपात अडकलेली हवा यांचा विचार करावा. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर अशी हवा हमखास अडकते. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाला हवेची उभी नळी बसवलेली असेल, तर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

धार किती मंद आहे, हे मोजताही येते. एक लिटरची बाटली नळाखाली धरून ती भरायला लागणारा वेळ पाहावा. दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला ६ लिटर पाणी येते. भांडी घासण्यास ते पुरेसे आहे. ३० सेकंद लागत असतील तर प्रवाह मिनिटाला २ लिटरवर आला आहे. मग जाळी काढून पुन्हा मोजावे. वेळ एकदम कमी झाला, तर दोष सापडला.

ही जाळी पाण्यात हवा मिसळून धार मऊ करते. तिची छिद्रे इतकी बारीक असतात की वाळूचे चार कण किंवा क्षारांचा पातळ थर त्यांना पुरतो. टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी नळ मंदावतात, ते तळातला गाळ ढवळला जाऊन जाळीत येतो म्हणून. पकडीला फडके गुंडाळून जाळी उलट्या दिशेने फिरवावी. काही नव्या तोट्यांना त्यासाठी दाते असलेली प्लास्टिकची किल्ली लागते. सुटे झालेले भाग कोणत्या क्रमाने होते ते लक्षात ठेवून जाळी काही तास व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवावी आणि जुन्या टूथब्रशने घासावी. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल वापरू नये. त्याने क्षारांबरोबर तोटीचा मुलामाही जातो. जाळी काढून ठेवूनही धार वाढली नाही, तर अँगल कॉक बंद करून लवचिक नळी सोडवावी, तिचे टोक बादलीत धरावे आणि कॉक हळूहळू उघडावा. बादलीत जोरात पाणी आले, तर दोष नळी किंवा तोटीच्या कार्ट्रिजमध्ये आहे. तिथेही मंदच आले, तर अँगल कॉकमध्ये किंवा त्याच्या मागच्या पाइपात.

राजधानी परिसरात हा त्रास अधिक जाणवण्यामागे पाण्याचा कठीणपणा आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या पेयजल मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. नदी किंवा कालव्याच्या पाण्याच्या तुलनेत कूपनलिकेचे पाणी सहसा अधिक कठीण असते. जेथे भूजल मिसळून दिले जाते किंवा गृहसंकुल स्वतःच्या कूपनलिकेवर अवलंबून असते, तेथे जाळीवर पांढरा थर लवकर चढतो. जुन्या लोखंडी पाइपांत त्यात गंजाची भर पडते. पंधरा मिलिमीटरचा पाइप आतून बुजत दहा मिलिमीटरवर आला, तर तेवढेच पाणी वाहून नेण्यासाठी सुमारे साडेसातपट अधिक दाब खर्च होतो. अशा घरात नवी, महागडी तोटी बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

सर्व मार्ग स्वच्छ असूनही धार मंद असेल, तर प्रश्न उंचीचा असतो. टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब टाकी किती मोठी आहे यावर नव्हे, तर पाण्याची पातळी नळापासून किती वर आहे यावर ठरतो. दहा मीटर उंचीला प्लंबरच्या भाषेत साधारण एक किलो दाब मिळतो. चारमजली इमारतीत तळमजल्याला तो एक किलोहून अधिक असतो. वरच्या मजल्यावर टाकी नळापासून जेमतेम अडीच-तीन मीटर उंच असल्याने पाव किलोच्या आसपासच राहतो. नव्या धाटणीच्या अनेक मिक्सरना अर्धा किलो किंवा त्याहून अधिक दाब लागतो. तो माहितीपत्रकात छापलेला असतो, पण खरेदी करताना पाहतो कोण? टाकीखाली एक मीटरचा चौथरा बांधल्यास दाब एक दशांश किलोने वाढतो. साध्या तोटीला तो उपयोगी पडतो, मिक्सरला अपुराच.

नोएडा, गुरुग्राममधील उत्तुंग इमारतींत परिस्थिती उलटी आहे. पंचवीस मजल्यांच्या टाकीचा तळाशी दाब सात किलोंपुढे जाईल, म्हणून काही मजल्यांच्या गटाला दाब कमी करणारी झडप बसवतात. तिच्या गाळणीत कचरा अडकला की त्या गटातील सर्व घरांची धार एकाच वेळी मंदावते. शेजाऱ्यांकडे चौकशी केली तर हे दोन मिनिटांत कळते, आणि दुरुस्ती संकुलाच्या व्यवस्थापनाने करायची असते.

थेट महापालिकेच्या किंवा जल मंडळाच्या वाहिनीवर नळ असलेल्या वस्त्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली घरांसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर इतका किमान दाब सांगितला आहे. मुंबईत मलबार हिलसारख्या टेकडीवरील जलाशयातून उताराने पाणी देता येते. दिल्लीत भूमिगत जलाशय आणि पंपिंग केंद्रांवर बरीचशी मदार आहे, आणि अनेक भागांत पाणी सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेपुरतेच येते. मग घरोघरी ‘टुल्लू’ पंप वाहिनीला जोडले जातात. एकाने जोडला की शेजाऱ्याची धार आटते आणि त्यालाही तोच मार्ग धरावा लागतो.

दिल्लीत अशा जोडणीला मनाई आहे ती केवळ या अन्यायामुळे नव्हे. पाणी बंद असताना वाहिनी जवळजवळ रिकामी असते. पंपाने ओढ दिली की आत पोकळी निर्माण होऊन सैल सांध्यांतून बाहेरचा ओलावा आत शिरतो, आणि दाट वस्तीत त्याच चरातून बऱ्याचदा मलवाहिनीही गेलेली असते. सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत येणारे गढूळ, वासाचे पाणी ही त्याची खूण असू शकते. सांडपाणी पेयजलात मिसळल्यास काय होते, हे या शहराने १९५५-५६ च्या हिवाळ्यात अनुभवले आहे. तेव्हा दोष पंपांचा नव्हता. नजफगड नाल्याचे पाणी यमुनेतील वजीराबादच्या उपसा केंद्राकडे वळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे तिचे कारण हिपॅटायटिस ई असल्याचे निष्पन्न झाले.

दाब वाढवण्याची सुरक्षित पद्धत वेगळी आहे. वाहिनीचे पाणी आपल्या दाबाने तळाच्या हौदात पडू द्यावे, तेथून ते गच्चीवरील टाकीत चढवावे आणि आवश्यक असल्यास टाकी व घर यांच्या दरम्यान प्रेशर पंप बसवावा. हा पंप सार्वजनिक वाहिनीला स्पर्शही करत नाही. मात्र इमारतीतील पाइप जुने लोखंडी असल्यास वाढलेल्या दाबाने त्यांचे सांधे गळू लागतात. त्यामुळे पंप घेण्यापूर्वी प्लंबरकडून पाइप तपासून घ्यावेत आणि गरजेपेक्षा मोठा पंप घेऊ नये.

संपूर्ण गल्लीतच पाणी मंद किंवा गढूळ येत असल्यास दिल्लीतील रहिवाशांना दिल्ली जल मंडळाच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पाणी कोणत्या वेळी मंद होते आणि किती घरांना त्रास आहे, हे तक्रारीत नमूद केल्यास गळतीची जागा शोधणे सोपे जाते. गढूळ पाणी येत असेल तोवर ते उकळूनच प्यावे.