उभ्या गाडीचे इंजिन का तापते?

रस्त्यावर धावताना न तापणारे इंजिन गाडी उभी राहताच तापू लागले, तर दोष बहुधा वाऱ्याच्या वाटेत असतो. धावत्या गाडीच्या रेडिएटरमधून समोरचा वारा आपोआप वाहतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या पंख्यावर पडते. तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. इंजिन बंद करून पूर्ण निवू द्यावे. गरम असता रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून तोंड व हात भाजतात.

२. निवल्यावर पाण्याची पातळी पाहावी. कमी असल्यास भरून गळती शोधावी.

३. पंख्याचा पट्टा सैल, झिजलेला वा तेलकट नसावा. विजेचा पंखा असल्यास इंजिन तापल्यावर तो फिरतो काय, हे दुरून पाहावे. न फिरल्यास फ्यूज व तारा तपासाव्यात. असा पंखा इंजिन बंद असतानाही सुरू होऊ शकतो. म्हणून त्यात हात घालू नये.

४. रेडिएटरच्या जाळीत भुसा, धूळ वा किडे अडकल्यास ती इंजिनाच्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी.

इतके करूनही काटा चढत राहिल्यास गाडी तशीच चालवू नये. थर्मोस्टॅट व पाण्याचा पंप जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावा. अति तापाने सिलिंडर-हेड वाकल्यास पट्ट्याच्या किमतीत भागणारे काम संपूर्ण इंजिन खोलण्यावर जाते.