ल्युपसच्या रुग्णाची बायपास

ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, स्क्लेरोडर्मा हे संयोजी ऊतींचे आजार सांध्यांचे नाहीतर त्वचेचे म्हणून ओळखले जातात. पण प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटली की धमन्यांचे अस्तरही त्यातून सुटत नाही. वर्षानुवर्षांचा दाह आणि त्यावरची स्टेरॉइड्स यांमुळे हृदयाच्या धमन्या अकाली अरुंद होतात. अमेरिकेत पिट्सबर्गच्या १९९७ सालच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर समवयस्क स्त्रियांच्या सुमारे ५० पट आढळले. एवढ्या तरुण बाईच्या छातीतल्या कळीवर हृदयविकाराचा संशय चटकन येत नाही, हा भाग वेगळा.

बायपासचे तंत्र इतरांसारखेच. फरक पडतो तो तयारीत. छातीच्या आतल्या बाजूची मॅमरी धमनी पायातल्या शिरेपेक्षा कितीतरी जास्त टिकते, म्हणून तिला पहिली पसंती. मात्र दोन्ही बाजूंच्या धमन्या काढल्या तर छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, आणि स्टेरॉइडवरच्या रुग्णात ते हाड आधीच सावकाश जुळते. थंडीत बोटे पांढरी-निळी पडणाऱ्या स्क्लेरोडर्माच्या रुग्णाच्या मनगटातली धमनी सहसा घेत नाहीत.

भूलतज्ज्ञाची कसोटी वेगळी. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. श्वासनलिकेत नळी घालताना मान जास्त वाकवणे मज्जारज्जूला महागात पडू शकते, त्यामुळे एक्स-रे आधी. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. शस्त्रक्रियेचा ताण त्यांना पेलत नाही, म्हणून औषध बंद न करता गरजेनुसार हायड्रोकॉर्टिसोनची जोड देतात.

सर्वांत फसवे असते ते रक्त. ल्युपसच्या काही रुग्णांत अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतात. त्यांच्यामुळे परीक्षानळीत रक्त उशिरा गोठते, शरीरात मात्र गुठळ्या सहज होतात. हार्ट-लंग मशीनवर हेपारिनने रक्त पातळ ठेवतात आणि गोठण्याचा काळ साधारण ४८० सेकंदांवर गेला की डोस पुरेसा मानतात. या रुग्णांत हा आकडा प्रतिपिंडांमुळेच फुगू शकतो. म्हणजे आकडा समाधानकारक, पण हेपारिन अपुरे. त्यामुळे शक्य तिथे रक्तातले हेपारिनच थेट मोजतात. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव आटोक्यात येताच गुठळ्यांविरुद्धची औषधे लवकर सुरू होतात. प्रतिकारशक्ती दाबणारी बायोलॉजिक औषधे मात्र जखम नीट भरेपर्यंत थांबवली जातात.