पळाले म्हणायचे की हाकलले?

इंग्रजी भाषेत 'रन अवे' असे एक जोडक्रियापद आहे. शब्दकोशात त्याचा अर्थ सापडतो, पळून जाणे. शेजारी समानार्थी शब्दांची रांगच उभी असते. कैदेतून निसटला त्याला 'एस्केप', जीव वाचवायला निघाला त्याला 'फ्ली', पोलिसांना चुकवून दडला त्याला 'ॲब्स्काँड' आणि प्रियकराबरोबर गेली तिला 'इलोप'. आपली मराठीही याबाबतीत गरीब नाही. पळ काढणे, धूम ठोकणे, पोबारा करणे, सूंबाल्या करणे, काढता पाय घेणे, पसार होणे, फरार होणे, परागंदा होणे! शाळेत आपण हे सारे समानार्थी शब्द म्हणून पाठ केले. पण हे शब्द खरोखरच समानार्थी आहेत काय?

आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाहीत. जाणारा माणूस एकच, त्याची वाट एकच. पण त्याच्या जाण्याला नाव कोण देतो यावर सारे ठरते. 'पळाला' हा शब्द बहुधा जाणाऱ्याचा नसतो. ज्याच्या हातून तो सुटला, त्याचा असतो.

अमेरिकेत गुलाम निसटला की मालक वर्तमानपत्रात 'रनअवे' म्हणून जाहिरात देत आणि पकडून आणणाऱ्याला बक्षीस लावीत. १८५० साली तर पळालेल्या गुलामांना मालकाच्या हवाली करण्याचा कडक कायदाच झाला. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने शोध लावला की गुलामाला पळावेसे वाटणे हा एक मानसिक रोग आहे! माणसाला विकत घेणारा निरोगी आणि सुटू पाहणारा रोगी! १८४९ मध्ये निसटलेली हॅरिएट टबमन मात्र पुन्हा पुन्हा मागे गेली आणि आपल्या माणसांना सोडवून घेऊन आली. तिला पळपुटी कोण म्हणेल? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, ते उगाच नव्हे.

अमेरिका दूर राहिली. आपल्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातील मोठी नावे. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. ही माणसे आपल्या मृतांना घराच्याच जमिनीखाली पुरत. आणि प्रौढ माणसाला पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडत! का? मेलेला माणूस घर सोडून निघून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. याला एक ठळक अपवाद सापडला. वस्तीच्या मधोमध, धान्याचे कोठार असलेल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात सुमारे चाळीस वर्षांचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता. तो वस्तीचा प्रमुख असावा असे मानतात. त्याचे पाय तोडलेले नव्हते!

त्या काळी आजची जातिव्यवस्था होती असा आमचा दावा नाही. पण कोणाचे पाय शाबूत ठेवायचे आणि कोणाचे तोडायचे, हा भेद या मातीत किती जुना आहे ते पाहा. पुढे पाऊस कमी झाला, शेती खालावली, लोक शेळ्यामेंढ्यांवर जगू लागले आणि इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती ओस पडली. ढवळीकरांनी याचे कारण कोरडे पडत गेलेले हवामान हेच सांगितले. त्या लोकांना कोणी पळपुटे म्हणत नाही. 'वस्ती सोडली', 'स्थलांतर केले' असेच लिहितात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना जो मान मिळतो, तो आजच्या माणसाला का मिळू नये?

इनामगावात मेलेल्यांचे पाय तोडले. नंतरच्या व्यवस्थेने जिवंत माणसांचे पाय बांधले. महार वतनाची बेडी त्यासाठीच होती. १८७४ च्या वतन कायद्याने या बेडीला सरकारी शिक्का मिळाला. वतनदार महार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला राबवतात, हे बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात सांगितले आणि १९२८ मध्ये ही गुलामी मोडण्यासाठी विधेयक मांडले. ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली. १८५९ चा एक कायदा होता : आगाऊ पैसे घेतलेला मजूर काम सोडून गेला तर तो गुन्हेगार. १८७१ पासून गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्यांना हजेरी लावण्याची सक्ती झाली. परवानगीवाचून हलला की फरारी. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण 'फरारी' हा शिक्का अजून पुसलेला नाही. आजही उसाच्या फडात उचल घेतलेले जोडपे मजुरी अंगावर पडते म्हणून निघून गेले, तर मुकादम म्हणतो, 'कोयता पळाला!' माणसे नव्हे, कोयता!

आता खरा मुद्दा ऐका, कारण येथे शब्दावर माणसाचा न्याय अवलंबून असतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर, गाव वा राहते ठिकाण सोडण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतरही ते कलम कायम आहे. पण वस्तीवर हल्ला होतो, माणसे रात्रीच लेकरे काखोटीला मारून निघतात आणि दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिले जाते, 'कुटुंब गाव सोडून पळून गेले.' एका क्रियापदाने कर्ता बदलला! हाकलणारा वाक्यातून गायब झाला आणि हाकललेलाच संशयित ठरला. म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी फिर्याद देताना हा शब्द चालू देऊ नये. कोणी हाकलले, कशाच्या धाकाने, कोणत्या दिवशी, हे लिहून घ्यावे आणि सही करण्याआधी वाचून घ्यावे.

तीच गोष्ट आंतरजातीय विवाहाची. सज्ञान मुलगी स्वतःच्या पायांनी चालत येते, तरी तक्रार होते, 'पळवून नेली.' जणू ती माणूस नसून गाठोडे आहे! सज्ञान व्यक्ती आपल्या पसंतीने लग्न करू शकते आणि अशा जोडप्याला पोलिसांनी संरक्षण द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या लता सिंह खटल्यात सांगितले आहे.

बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींची मागणी पुढे आणली, १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. तेव्हाही पळवाट म्हणून हिणवणारे होतेच. ज्या शिरूर तालुक्यात इनामगाव आहे त्याच तालुक्यात कोरेगाव भीमा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे पाय रोवून लढलेल्यांची नावे स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांच्या वारसांना पळपुटे कोण म्हणतो?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचा. सिद्धार्थ मध्यरात्री बायको-मुलाला झोपेत टाकून गुपचूप निघून गेला, ही परंपरेची गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध पुकारले, सिद्धार्थाने विरोध केला आणि संघाने त्याच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांतून त्याने परिव्रज्या स्वीकारली. तीही दिवसाढवळ्या, आईवडिलांचा व यशोधरेचा निरोप घेऊन! परंपरा जिथे पळणे पाहत होती, तिथे बाबासाहेबांनी निर्णय पाहिला.

अन्यायाच्या जागेतून उठून जाणे हा गुन्हा नाही, रोग नाही, लाजही नाही. हाकलले असेल तर 'हाकलले' म्हणा. स्वतःहून निघालो असू तर 'निघालो' म्हणा. आपल्या जाण्याचे नाव दुसऱ्याला ठेवू देऊ नका.

जयभीम!