४.३ प्रकल्पाची अक्षरजुळणी आणि व्यावसायिक सेरिफ टंक

प्रकल्पाचे लेखन पूर्ण झाले, की तो छापील रूपात आणताना टंकाच्या निवडीचा प्रश्न उभा राहतो. ज्या रोमन वळणात अक्षरांच्या दांड्यांना टोकाशी बारीक रेघा असतात, त्यास 'सेरिफ' म्हणतात. 'टाइम्स न्यू रोमन' हे त्याचे परिचित उदाहरण होय. स्टॅन्ली मॉरिसन यांच्या देखरेखीखाली लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकासाठी ते घडवले गेले व १९३२ साली वापरात आले. हा व्यावसायिक टंक आहे. त्याचा वापर परवान्याच्या अटींनी बांधलेला असतो.

डोनाल्ड क्नूथ यांनी घडवलेली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली अक्षराचे रूप पाहत नाही. जुना जुळारी खिळ्यांच्या मापावर ओळ बसवी, त्याप्रमाणे ती अक्षराची रुंदी, उंची व खोली यांवरून ओळ जुळवते. म्हणून बाहेरचा टंक वापरण्यासाठी पूर्वी त्याच्या मापांची वेगळी फाइल तयार करावी लागे. जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'मुळे (२००४) संगणकावर बसवलेला टंक नुसत्या नावाने निवडता येऊ लागला. 'लाटेक'मध्ये त्यासाठी 'फॉन्टस्पेक' हे पॅकेज वापरतात.

मात्र टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. मराठी मजकुरासाठी दुसरा टंक नेमणे आवश्यक ठरते. उदाहरणार्थ, आयआयटी मुंबईचा मुक्त परवान्याचा 'शोभिका'. तो नेमताना लिपी 'देवनागरी' व भाषा 'मराठी' अशी नोंद करावी. लिपीची नोंद राहिली, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाते. भाषेची नोंद केल्यास, टंकात तशी सोय असेल तर, 'ल' व 'श' यांची मराठी वळणे मिळतात.

हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. टंकाने हा भेद नीट दाखवला नाही, तर आपण कष्टाने जमवलेला बोलीचा नमुनाच चुकीचा ठरेल. म्हणून संपूर्ण प्रबंध जुळवण्यापूर्वी अशा शब्दांचे एक पान छापून तपासावे.

शेवटी, व्यावसायिक टंकाची फाइल छापखान्याला परस्पर देऊ नये. टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी; परवाना त्यास अनुमती देतो ना, हे आधी वाचावे.

आपली प्रगती तपासा
१. 'दर्या' व 'दऱ्या' या शब्दांतील अर्थभेद सांगा. आपण निवडलेला टंक तो दाखवतो का, हे छापून पाहा.
२. देवनागरी टंक नेमताना लिपी व भाषा या दोन्हींची नोंद का करावी?