विमानात बसण्यापूर्वीचा प्रवास

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांची तयारी बहुधा व्हिसा, विमा आणि लाडवांच्या डब्यांभोवती फिरते. घरापासून विमानतळापर्यंतच्या वाटेचा विचार मात्र गाडी ठरवण्यापलीकडे जात नाही. वस्तुतः सत्तरी ओलांडलेल्या शरीराची पहिली कसोटी याच वाटेवर लागते. पुणे, नाशिक वा कोल्हापूरहून मुंबई गाठताना अर्धा दिवस गाडीत जातो. त्यानंतर विमानतळावरील तीन तास आणि पुढे दीर्घ उड्डाण.

गाडीतील बैठक

चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे दर दीड-दोन तासांनी थांबून पाच मिनिटे चालावे आणि बसल्या जागी घोटे फिरवत राहावे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक ज्येष्ठ पाणी पिणे बंद करतात. काही जण लघवी वाढवणारी गोळीही परस्पर चुकवतात. हे हिताचे नाही. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे आणि थांबण्याची ठिकाणे आधीच ठरवावीत. मधुमेहींनी इन्शुलिन घेतल्यावर वाहतूककोंडीमुळे जेवण लांबले, तर साखर एकाएकी उतरू शकते. बिस्किटे व साखर डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावीत.

गाडी कुठे थांबवावी?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचे टर्मिनल २ सहार येथे, तर टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूस आहे. दोहोंचे रस्ते वेगळे असल्याने निघण्यापूर्वी तिकीट पुन्हा पाहावे. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून टर्मिनल २ कडे जाणारा सहार उन्नत मार्ग २०१४ पासून खुला आहे. प्रस्थानाच्या दारापुढे गाडीला काही मिनिटेच थांबता येते. गाडीत दोन जाणती माणसे असतील तर एकाने ज्येष्ठांसोबत उतरावे आणि दुसऱ्याने गाडी लावून यावे. चालक एकटाच असेल, तर वृद्ध आईला सामानासह पदपथावर उभे करून जाऊ नये. थेट बहुमजली वाहनतळात जावे आणि तेथून दोघांनी मिळून लिफ्टने वर यावे. शुल्क थोडे अधिक पडेल. पण गर्दीत तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त. वाहनतळाचा मजला व खांबाचा क्रमांक मोबाइलवर टिपून ठेवावा.

कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते आणि दोन्ही टर्मिनलांसाठी तिची स्वतंत्र स्थानके आहेत. सामान हलके आणि पाय खंबीर असतील तर दिवसाच्या विमानासाठी ती उत्तम. मध्यरात्रीच्या उड्डाणासाठी मात्र तिचा उपयोग नाही.

चाकांची खुर्ची

‘मी काही अपंग नाही’ असे म्हणत अनेक जण ही सोय नाकारतात. परंतु टर्मिनलच्या आत चालण्याचे अंतर मोठे असते, रांगा लांब असतात आणि गुडघ्यांची शक्ती पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवायची असते. खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी. त्या वेळी गरज नेमकी सांगावी: पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, पायऱ्याही चढता येत नाहीत, की आसनापर्यंत उचलूनच न्यावे लागते? या तीन अवस्थांसाठी मदतही निराळी असते.

तिकीट नसलेल्या सोबत्याला दाराच्या आत जाता येत नाही. म्हणून घरी जे तुम्ही सांभाळता, ते सारे दारापाशी त्यांच्या खिशात असले पाहिजे: औषधांची नावे व वेळा, आजार, ॲलर्जी आणि दोन्हीकडचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद. औषधे हातातल्या बॅगेतच हवीत. सामानाच्या कक्षात इन्शुलिन गोठू शकते. पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड जवळ ठेवावे आणि सुरक्षा तपासणीपूर्वी कर्मचाऱ्यांना तसे सांगावे.

या सर्व गोष्टी आदल्या दिवशीच उरकल्या, तर दारापाशी सूचनांची घाई उरत नाही. मग दोन शब्द निवांत बोलता येतात, आणि आत जाणारे माणूस धास्तावलेल्या मनाने नव्हे, तर निश्चिंतपणे आत जाते.